दोन हजार आसनांचा हिशेब

मराठवाड्यात, जालना जिल्ह्यातल्या परतूरसारख्या तालुक्याच्या गावात उद्या एक फुटबॉल क्लब उभा राहिला, असे धरून चालू. त्याला दोन हजार माणसे बसतील एवढे कुंपणाचे मैदान मिळाले, हंगामात तिथे दहा सामने झाले, तिकीट ५० रुपये ठेवले आणि एकाही सामन्याला एकही जागा रिकामी राहिली नाही, तर वर्षाची तिकीटविक्री होते १० लाख रुपये. आता खर्चाकडे पाहू. बावीस खेळाडूंना महिना १५ हजार रुपयांप्रमाणे आठ महिने मानधन दिले, तर २६ लाख ४० हजार लागतात. प्रशिक्षक, प्रवास, नोंदणी शुल्क, पंच, बूट, चेंडू, औषधपाणी यांचा हिशेब अजून सुरूही झालेला नाही. म्हणजे सगळे मैदान दहाही वेळा भरले, तरी खेळाडूंच्या मानधनाचा निम्मा भागसुद्धा निघत नाही. हे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. ते थोडे इकडेतिकडे केले तरी चित्र बदलत नाही. आसने दोन हजारांची पाच हजार केली आणि तीही सगळी भरली असे मानले, तरी २५ लाखच जमतात, आणि ती वाढीव आसने बांधायचा खर्च वेगळाच. या हिशेबावरून आपल्याकडे बहुतेक जण एकच निष्कर्ष काढतात: लहान गावात फुटबॉल परवडत नाही, आधी मोठे स्टेडियम हवे, मोठा मालक हवा. माझे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. आसनसंख्या ही लहान क्लबची मर्यादा आहे, त्याचा आजार नाही. क्लब बुडतात ते खर्चाचा आकडा आसनांकडे न पाहता ठरवल्यामुळे, आणि ती तूट एकाच माणसाच्या किंवा एकाच कराराच्या भरवशावर सोडल्यामुळे.

पुण्याकडे पाहिले तर हे स्पष्ट दिसते. बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडा संकुलात गेल्या पंधरा-वीस वर्षांत वरच्या पातळीवरचे चार क्लब खेळून गेले. अशोक पिरामल समूहाचा पुणे एफसी २००७ साली सुरू झाला, आय-लीग या राष्ट्रीय स्पर्धेत चांगला खेळला आणि आठेक वर्षांत बंद पडला. कल्याणी समूहाचा भारत एफसी २०१४-१५ चा एक हंगाम खेळला आणि थांबला. डीएसके शिवाजियन्स दोन हंगामांनंतर २०१७ मध्ये आय-लीगमधून बाहेर पडला. इंडियन सुपर लीगमधला (आयएसएल) एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये आर्थिक अडचणीत सापडला आणि त्याची जागा हैदराबादच्या नव्या संघाने घेतली. मुंबईत महिंद्रा युनायटेडसारखा नावाजलेला संघ २०१० मध्ये कंपनीने बंद केला. मुंबई एफसीने २०१७ मध्ये आय-लीगमधून खाली घसरल्यावर गाशा गुंडाळला. यांतल्या एकाही क्लबबद्दल ‘मैदान लहान पडले म्हणून बुडाला’ असे म्हणता येणार नाही. बालेवाडीचे मैदान बहुतेक सामन्यांना भरतच नव्हते. ही मैदाने क्लबच्या मालकीचीही नव्हती. भाडे भरायचे, सामन्यापुरते मैदान घ्यायचे आणि निघून जायचे. ज्या दिवशी मालकाला हा खर्च नकोसा झाला, त्या दिवशी क्लब संपला. आणि तो वाचवण्यासाठी रस्त्यावर यावे असे ज्यांना वाटले असते, त्यांच्या हाती क्लबचा एक कागदही नव्हता.

आसने आणि उत्पन्न यांचा संबंध २०२० च्या कोरोना साथीने उघड करून दाखवला. त्या वर्षी जून महिन्यात इंग्लंडमधल्या तिसऱ्या आणि चौथ्या पातळीवरच्या क्लबांनी मतदान करून हंगाम मुदतीआधीच संपवला, कारण प्रेक्षकांशिवाय सामने खेळणे म्हणजे खर्च तेवढा करायचा आणि तिकिटाचा पैसा शून्य. त्याच देशातली प्रीमियर लीग मात्र रिकाम्या स्टेडियममध्ये पूर्ण झाली, कारण तिथला मोठा पैसा दूरचित्रवाणीचा होता. आपल्याकडे २०२०-२१ ची संपूर्ण आयएसएल गोव्यात, प्रेक्षकांविना झाली, आणि लीग व चषक ही दोन्ही विजेतेपदे मुंबई सिटीने मिळवली. यातून एक विचित्र वाटणारी पण खरी गोष्ट कळते: ज्याचे मैदान सर्वांत लहान, तोच मैदानावरच्या माणसांवर सर्वाधिक अवलंबून असतो. मोठ्या क्लबला प्रेक्षक शोभेसाठी लागतात, लहान क्लबला जगण्यासाठी लागतात. दूरचित्रवाणीच्या पैशाने सगळे प्रश्न सुटतात असेही नाही. २०२५ च्या जुलैमध्ये व्यावसायिक हक्कांचा करार लटकला आणि आयएसएलचा हंगामच अनिश्चित झाला; ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीने खेळाडूंचे आणि कर्मचाऱ्यांचे पगार थांबवल्याचे जाहीर केले. त्या क्लबचा चाहतावर्ग देशात नावाजलेला आहे. पण क्लबचा खर्च त्या चाहत्यांच्या ऐपतीवर बेतलेला नव्हता, एका करारावर बेतलेला होता.

महाराष्ट्रात याला एक जिवंत अपवाद आहे, आणि तो कोल्हापूर. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी ही नावे वाचली की लक्षात येते, इथला क्लब म्हणजे कुठल्या कंपनीचा विभाग नाही, पेठेतली तालीम आहे. जिथे कुस्तीची माती होती, तिथेच फुटबॉल रुजला. तालमीच्या गणपतीची वर्गणी, तिच्या जागेचे भाडे, तिच्या जुन्या खेळाडूंची मदत आणि पेठेतल्या दुकानदारांची देणगी या सगळ्यांतून संघ चालतो. संस्थानकाळापासून चालत आलेली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे केएसए, स्पर्धांचे नियोजन करते आणि वरिष्ठ गटातले १६ संघ एकाच मैदानावर, राजर्षी शाहू स्टेडियमवर खेळतात. या व्यवस्थेतली आर्थिक शहाणीव पुरेशी ओळखली गेलेली नाही. सोळा क्लबांनी सोळा मैदाने बांधली असती, तर सोळाही कर्जात गेले असते. मैदान एक, देखभाल एक, तिकीटखिडकी एक. पाहुणा संघही गावातलाच, त्यामुळे प्रवासखर्च नाही. आणि प्रत्येक सामन्याला दोन्ही बाजूंचा प्रेक्षक हजर. जगातले बहुतेक क्लब वर्षातले निम्मे सामने परगावी खेळतात. कोल्हापूरचा क्लब लीगमधला एकही खेळत नाही.

नाटकवाल्यांना हा हिशेब कळतो. थिएटरची आसने ठरलेली असतात, म्हणून उत्पन्न वाढवायचे तर प्रयोग वाढवावे लागतात. फुटबॉल क्लबची पंचाईत अशी की घरच्या सामन्यांची संख्या लीग ठरवते. कोल्हापूरने ही अडचणही ओलांडली. लीग संपली की वेगवेगळ्या चषकांच्या बाद फेरीच्या स्पर्धा त्याच मैदानावर सुरू होतात. रोख बक्षिसे असतात, प्रायोजक असतात आणि उन्हाळा लागेपर्यंत, कधी उन्हाळ्यातही, स्टेडियम हलते राहते. आसने तेवढीच राहिली, पण वर्षभरात ती कितीतरी अधिक वेळा विकली गेली. याच मातीतून अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला.

यावर पहिला आक्षेप येतो तो योग्यच आहे: कोल्हापूरला छत्रपती घराण्याचा आश्रय होता, तसा तो दुसरीकडे कुठून आणणार? आश्रय होता हे खरेच. पण राजाश्रयाने मैदान आणि संस्था मिळाली. दर शनिवार-रविवारी पायऱ्यांवर येऊन बसणारी माणसे त्याने मिळत नाहीत. देशात अनेक संस्थानिकांनी खेळांना आश्रय दिला, पण संस्थाने गेल्यावर सगळीकडे पेठापेठांतला फुटबॉल टिकला नाही. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे, आणि तो कोल्हापूरच्या आतूनच येतो. तालमींचा पैसाही आता राजकीय नेत्यांकडून येतो, चषकांना त्यांची नावे लागतात, परदेशी खेळाडू आणायची चढाओढ लागते, मानधनाचे आकडे फुगतात आणि समर्थकांच्या मारामाऱ्यांमुळे सामने बंदोबस्तात खेळवावे लागतात. हे सगळे मला मान्य आहे. पण हा आक्षेप माझ्या मुद्द्याच्या विरोधात जात नाही, उलट तो त्याला बळ देतो. ज्या क्षणी तालीम पेठेच्या ऐपतीपलीकडचा संघ बांधू लागते, त्या क्षणी तिलाही मालकाची गरज पडते, मग त्याला मालक न म्हणता आधारस्तंभ म्हटले तरी फरक पडत नाही. बाहेरच्या खेळाडूंच्या संख्येवर घातलेली मर्यादा ही केवळ स्थानिक मुलांना संधी देण्यासाठी नसते. ती सगळ्यांनी मिळून खर्चाला घातलेला बांध असतो. एका क्लबने एकट्याने काटकसर केली तर तो हरतो. सोळांनी मिळून केली तर सोळाही जगतात.

आसने वाढवता येत नसतील तर तिकीट वाढवा, असे सुचवले जाते. इंग्लंडमधल्या ल्युटन टाउनने दाटीवाटीच्या घरांमध्ये अडकलेल्या केनिलवर्थ रोडच्या मैदानावर एका बाजूच्या आसनांच्या जागी महागड्या खोल्या बांधल्या, म्हणजे जागा तीच आणि दर अनेकपट. त्या दहा-बारा हजारांच्या मैदानावरून हा क्लब २०२३ मध्ये प्रीमियर लीगपर्यंत गेला. पण त्याला गिऱ्हाईक म्हणून मोठ्या शहरांच्या आसपासचा व्यापारी वर्ग होता. कापूस-सोयाबीनच्या भावावर ज्या गावाचा महिना ठरतो, तिथे ५० चे तिकीट १५० केले तर उत्पन्न तिप्पट होणार नाही, प्रेक्षक तिसऱ्या हिश्श्यावर येतील. माझ्या मते लहान क्लबने तिकीट स्वस्तच ठेवावे आणि पैसा दुसऱ्या वाटेने, पण त्याच माणसांकडून, वर्षभर थोडा थोडा घ्यावा.

ती वाट सभासदत्वाची आहे, आणि तिचे सर्वांत चांगले उदाहरण स्पेनच्या बास्क भागातले एइबार. लोकसंख्या सुमारे २७ हजार. मैदान इपुरुआ, त्यात तेव्हा जेमतेम पाच-साडेपाच हजार माणसे मावत. २०१४ मध्ये हा क्लब पहिल्यांदाच ला लीगाला पात्र ठरला, आणि कर्ज नसूनही तिथल्या कायद्यानुसार त्याचे भागभांडवल कमी असल्यामुळे तो अडला. सुमारे १७ लाख युरो उभे करायचे होते. क्लबने एखादा धनाढ्य शोधला नाही. जगभरच्या लोकांना लहान रकमेचे समभाग विकले आणि कोणा एकाच्या हाती ताबा जाऊ नये म्हणून खरेदीला कमाल मर्यादा घातली. रक्कम मुदतीत जमली आणि क्लब ला लीगात सलग सात हंगाम राहिला. एइबार हे कामगार सहकाराची परंपरा असलेले गाव आहे. शिलाई यंत्रे बनवणारी आल्फा ही सहकारी संस्था तिथे १९२० मध्येच उभी राहिली होती. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे परके वाटायला नको. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांनी आणि धनंजयराव गाडगीळांनी शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर साखर कारखाना उभा केला, तोही याच विचारावर: एकाकडे नसेल ते अनेकांकडून, आणि ज्याचा पैसा त्याचे मत.

इथे मराठवाड्यातला वाचक हात वर करील हे मला ठाऊक आहे. कारखाने, सूतगिरण्या, पतसंस्था यांचे आपल्याकडे काय झाले ते त्याने पाहिले आहे. सभासद हजारोंनी, निर्णय घेणारे एक घर. मग फुटबॉल क्लबचे वेगळे काय होणार? या आक्षेपाला टाळून पुढे जाता येणार नाही. माझे उत्तर दोन भागांत आहे. सहकारी संस्था काबीज करण्याजोगी झाली ती तिच्यातून मोठे कर्ज, ऊसतोड, नोकऱ्या आणि मते फिरत होती म्हणून. वर्षाला पंधरा-वीस लाखांचा, कर्ज न घेणारा, जमीन नसलेला क्लब ताब्यात घेण्यात फारसे हशील नाही. म्हणूनच त्याने लहान राहणे हे केवळ काटकसरीचे नव्हे, तर सुरक्षिततेचेही धोरण आहे. दुसरे असे की कारखान्याचा ताळेबंद सभासदाला समजत नाही, पण क्लबचा समजतो. या महिन्यात तिकिटांचे किती आले, शिबिराच्या फीचे किती आले, बसला किती गेले, हे एका पानावर लिहून मैदानाच्या फाटकावर लावता येते. गणेश मंडळाचा जमाखर्च गल्लीत वाचला जातो आणि त्यावरून भांडणेही होतात; ती भांडणे व्हायला हवीत. आकडेमोड परतूरच्याच प्रमाणात करून पाहू. आठशे सभासदांनी वर्षाला हजार रुपये दिले तर ८ लाख. दीडशे मुलांच्या प्रशिक्षणाची महिना ३०० रुपये फी आठ महिने घेतली तर ३ लाख ६० हजार. सभासदांना तिकीट माफ केले, तरी उरलेल्या बाराशे जागा दहा सामने निम्म्या भरल्या तर ३ लाख. बेरीज १४ लाख ६० हजार. सुरुवातीला मांडलेल्या पूर्ण भरलेल्या मैदानापेक्षा ही रक्कम जास्त आहे, आणि ती उभी करायला मैदान पूर्ण भरावे लागत नाही. सामना पावसाने रद्द झाला तरी तिच्यातला मोठा भाग हातात राहतो. मग २६ लाखांच्या मानधनाचे काय? ते द्यायचे नाही. जमेल तेवढा प्रवासभत्ता आणि विजयाचा हिस्सा द्यायचा, आणि खेळाडू शिक्षक, शेतकरी, दुकानदार, विद्यार्थी राहूनच खेळतील हे मोकळेपणाने मान्य करायचे.

खेळाडू घडवून विकण्याचा मार्गही सांगितला जातो. इंग्लंडमधला एक्झिटर सिटी हा समर्थकांच्या मालकीचा क्लब. त्याने ऑली वॉटकिन्सला ब्रेंटफर्डला विकताना पुढच्या विक्रीत हिस्सा राखून ठेवला, आणि २०२० मध्ये वॉटकिन्स ॲस्टन व्हिलाकडे गेला तेव्हा साथीच्या वर्षात एक्झिटरला मोठा आधार मिळाला. फिफाच्या नियमानुसारही आंतरराष्ट्रीय हस्तांतराच्या रकमेतले ५ टक्के त्या खेळाडूला वयाच्या १२ ते २३ वर्षांत घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटले जातात. पण हिशेब नीट पाहावा. १२ ते १५ या वयातल्या चार वर्षांना मिळून रकमेचा १ टक्का येतो. म्हणजे १ कोटीच्या व्यवहारात १ लाख. शिवाय त्या वयात त्याची रीतसर नोंदणी झालेली असेल तरच. यावर क्लबचा संसार चालवायचे स्वप्न कुणी दाखवत असेल तर ते खोटे आहे. नोंदणी मात्र पहिल्या दिवसापासून करावी. तिला खर्च थोडा आणि ती नसण्याची किंमत मोठी.

परतूरला आज असा क्लब नाही, आणि तिथे क्रिकेटचेच राज्य आहे असे कुणी म्हणेल. ते खरे असले तरी क्रिकेटचा तालुक्यातला हंगामही टेनिस बॉलच्या स्पर्धा, वर्गणी आणि बक्षीस देणाऱ्यांच्या नावांवरच चालतो; म्हणजे पैसा देण्याची सवय आहे, ती वर्षभर टिकणाऱ्या संस्थेत वळवायची आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये ‘मिशन वन मिलियन’ या फुटबॉल-प्रसाराच्या उपक्रमानिमित्त राज्यभरच्या शाळांत फुटबॉल वाटले गेले, एक दिवस सगळीकडे खेळ झाला. त्या चेंडूंनी पुढे खेळायला मुलांना संघ, स्पर्धा आणि मैदान मिळाले नाही, तर चेंडू वाटून काही रुजत नाही. सरकार पैसे देत नाही असेही नाही. तालुका क्रीडा संकुलासाठीची अनुदानाची मर्यादा राज्याने १ कोटीवरून ५ कोटींपर्यंत नेली. पण हे पैसे बांधकामाचे असतात. पाणी कोण मारणार, गवत कोण राखणार, फाटक संध्याकाळी कोण उघडणार, यासाठी त्यात तरतूद नसते, आणि म्हणूनच कित्येक संकुले कुलपात असतात. माझी मागणी बांधकामाची नाही. संकुल समितीने नोंदणीकृत क्लबला पाच वर्षांचा करार द्यावा: आठवड्यातले ठरावीक दिवस मैदान क्लबचे, त्या दिवसांची तिकीटविक्री, फलकांच्या जाहिराती आणि चहा-वडापावची टपरी क्लबची, आणि त्या बदल्यात मैदानाची निगा क्लबची. पुण्याच्या क्लबांकडे नव्हती ती गोष्ट, म्हणजे मैदानावरचा काही वर्षांचा हक्क, परतूरच्या क्लबला एकही वीट न बांधता मिळू शकते.

हंगामही तिथल्याच मातीने ठरवावा लागेल. काळी जमीन पावसात चिखल होते आणि उन्हाळ्यात भेगाळते. एप्रिल-मेमध्ये गवताला पाणी मागणे दुष्काळी भागात उचित नाही. दसरा ते होळी हा काळ खेळायला योग्य, आणि तेव्हाच कापूस-सोयाबीनचे पैसे घरात येतात, म्हणजे सभासदवर्गणीची वेळही तीच. याच काळात ऊसतोडीला गेलेली कुटुंबे गावात नसतात, हे मात्र लक्षात ठेवावे लागेल. त्यांच्या मुलांना फी आणि हजेरीचे नियम सैल हवेत. राहिला प्रवास, जो कोल्हापूरला करावा लागत नाही आणि परतूरला करावाच लागेल, कारण एका तालुक्याच्या गावात सोळा संघ होणार नाहीत. पण परतूर रेल्वेच्या मार्गावर आहे. मनमाडहून सिकंदराबादकडे जाणाऱ्या या मार्गावर जालना, परतूर, सेलू, मानवत रोड, परभणी, पूर्णा, नांदेड ही गावे ओळीने लागतात. जिल्ह्यांच्या हद्दी बाजूला ठेवून या मार्गावर सहा-आठ संघांची लीग आखली, तर पाहुणा संघ खास बस न करता सकाळच्या गाडीने येऊन संध्याकाळच्या गाडीने परत जाऊ शकेल, आणि त्याच्याबरोबर त्याचे शे-दोनशे समर्थकही येतील. जिल्हा संघटनांचा आक्षेप येईल की स्पर्धा जिल्ह्याच्याच असतात. पण हद्दी कायमच्या नसतात: परतूर तालुका १९८१ पर्यंत परभणी जिल्ह्यातच होता. जालना, परभणी आणि नांदेडच्या जिल्हा संघटनांनी एकत्र बसून खर्चाची एकच मर्यादा, बाहेरच्या खेळाडूंची एकच संख्या आणि एकच वेळापत्रक ठरवले, तर पहिला हंगाम चार संघांवरही सुरू करता येईल.